चेनसॉ घेण्याआधी सातबारा बघ

पेठ-सुरगाण्याकडचा मालकीचा साग घेऊन धंदा सुरू करतोयस, तर चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, कोणती घ्यायची हा प्रश्न नंतरचा. साग, खैर, मोह, ऐन ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत; स्वतःच्या बांधावरचं झाड असलं तरी परवानगीशिवाय करवत लावायची नाही. सातबाऱ्यावर जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर १९६९ चा वेगळा कायदा आहे, तिथं परस्पर सौदा चालत नाही. ‘आपलं सेटिंग आहे’ म्हणणारे दलाल भेटतील. त्यांना चहा पाज आणि वाटेला लाव. वनखात्याचा लाकूड वाहतूक पास हातात आल्याशिवाय गाडी भरू नको.

मशीनचं म्हणशील तर चेन ब्रेक, म्हणजे फिरती साखळी झटक्यात थांबवणारा ब्रेक, रोज तपास. साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडावर येते. झाड ज्या अंगाला पाडायचं तिकडून आधी खाच घे, बुंध्याच्या साधारण पाव जाडीइतकी. मग मागून, खाचेच्या टोकापेक्षा जरा वरून काप, पण मधे जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढं लाकड शिल्लक ठेव. झाडाला दिशा तेच देतं. तेही कापलंस, तर झाड कुठं पडेल ते त्याचं त्यालाच ठाऊक!

साग जमिनीलगत काप, साल फाटू देऊ नको; खुंटाला फुटवे येतात. उतारावर ओंडके सरळ खाली ओढलेस की पावसात त्याच चरीची घळ होते, म्हणून आडवे, तिरपे ओढ. ओढ्याकाठची झाडं परवाना असला तरी मी तोडत नाही.