शनिवारी कार्यक्रम ठेवू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. नोटीस लावली, व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा टाकलं, तरी रांगोळीला तुझ्या हॉस्टेलच्या साठजणींतून पाचच आल्या. मी रेक्टर म्हणून लागले त्या वर्षी माझ्या स्पर्धेला तिघी आल्या होत्या, आणि बक्षिसंही तीनच होती. तेव्हा रडू नकोस.

आधी दिवस बघ. शनिवारी दुपारी निम्म्या मुली पिशवी घेऊन घरी जायला सीबीटी, म्हणजे बेळगावचा बसस्टँड गाठतात. दिवाळीच्या आगेमागे खानापूर भागात भाताची सुगी असते. घरी माणूस कमी पडत असताना कोण तुझ्या संगीत खुर्चीसाठी थांबेल? उलट जुलैत कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस असा धरतो की त्याच मुलींचं घरी जाणं राहून जातं. घरची आठवण येत असते आणि हातात वेळही असतो. सुरुवात तेव्हा कर. बुधवारी, रात्रीच्या जेवणानंतर, पाऊण तास. त्याहून लांबवलंस तर अभ्यासवाल्या उठतील, आणि पुढच्या वेळी येणारच नाहीत. दंड, हजेरी असलं काही काढू नकोस बाई.

दुसरं, माझी चूक सांगते. माझी पहिली नोटीस फक्त मराठीत होती. बैलहोंगल, गोकाककडच्या कन्नड मुलींनी ती वाचलीसुद्धा नाही. हे आपल्यासाठी नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. नंतर दोन्ही भाषांत लिहिली, तरी फार फरक पडला नाही. कारण मी नुसतं बोलवत होते, करायला काही देत नव्हते.

ते कळलं मेसच्या मावशी आजारी पडल्या तेव्हा. अथणीच्या दोघींनी ज्वारीच्या भाकऱ्या थापायला घेतल्या. खानापूरच्या मुली पडल्या भातखाऊ, त्यांच्या भाकरीला चारी बाजूंनी भेगा. काय हसल्या गं सगळ्या! कधी खोलीबाहेर न दिसणारी एकजण कोपऱ्यात बसून मुकाट्याने कांदे चिरत होती. पुढे गणपतीच्या आरासीची सगळी वायरिंग तिनं केली. स्टेजवर ये म्हटलं असतं तर ती कधीच आली नसती. म्हणून तू गाणाऱ्या-नाचणाऱ्या शोधत बसू नकोस, त्या आपोआप येतात. हिशेब कोण ठेवेल, इस्त्री कोण करेल, दोन्ही भाषांत फळा कोण लिहील, ते विचार. एकेकीला, तिच्या खोलीत जाऊन.

सहल काढायची असेल तर कणकुंबीला ने. तिथं माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. हीच नदी पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडवली आहे. आमच्याबरोबर सौंदत्तीची एक मुलगी होती, धरणाचं पाणी बघत वाढलेली. उगमापाशी वाकून ती कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली. खानापूरची मुलगी लगेच म्हणाली, ‘बाई, ती म्हणतेय, एवढीशीच?’ हिला कन्नड येतं हे तोवर मला ठाऊक नव्हतं. वर्षभर एका मजल्यावर राहत होत्या दोघी.

आता नोव्हेंबरचं. 1956 पासून 1 तारखेला एकीकडे राज्य स्थापनेचा कन्नड लोकांचा राज्योत्सव आणि दुसरीकडे बेळगाव त्या राज्यात गेलं म्हणून मराठी लोकांचा काळा दिवस, हे तू जन्मापासून बघतेस. त्या दिवशी हॉस्टेलात काही ठेवू नकोस, कुणाला समजवायलाही जाऊ नकोस. मी एकदा दोन्हीकडच्यांना एकत्र बसवून भाषण दिलं होतं. आठवडाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही. संध्याकाळी चहा जरा जास्त टाकायला सांग, बास.

पैशांचं फार मनावर घेऊ नकोस. बुधवारच्या पाऊण तासाला चुरमुरे आणि मिरची भजी पुरतात.

तू लिहिलंस की पहिल्या वर्षाची एक मुलगी रोज जिन्यात एकटीच बसते. तिच्या हातात काय असतं, वही की फोन, ते बघून ठेव. पुढच्या गुरुवारी दवाखान्याच्या कामाला टिळकवाडीत येणार आहे, दुपारी मोकळी असेन. जमलं तर तिलाही घेऊन ये.

तुझी,
बाई