पहिला घोडा विकत घेण्यापूर्वी

प्रश्न : आमचे गाव चिकोडी तालुक्यात आहे. गावात पाच-सहा घरी घोडे आहेत. बहुतेक शर्यतीच्या टांग्याचे आणि एक वरातीचा. दरवर्षी वारीच्या तोंडावर अंकलीहून माउलींचे अश्व आळंदीकडे निघतात, ते पाहून मुलांना घोड्याचे वेड लागले आहे. दहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी अश्वमंडळ काढावे, वर्गणी जमवून अकलूजच्या बाजारातून घोडा आणावा आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत मुलांना त्यावर बसवून प्रारंभ करावा, असे आम्ही ठरवत आहोत. मंडळाची नोंदणी कोल्हापुरात केली तर चालेल का? उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची हिरवी पाने, मुबलक असल्याने चाऱ्याची चिंता नाही. — एक शिक्षक

उत्तर : नोंदणीचे आधी सांगतो. मंडळ ज्या राज्यात काम करणार, तेथील कायदा त्याला लागू होतो. म्हणून आपली नोंदणी कर्नाटकाच्या 1960 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली करावी. त्यासाठी किमान सात सभासद लागतात. ते प्रौढ असावेत आणि मुलांची नावे पालकांच्या लेखी संमतीने वेगळ्या वहीत ठेवावीत. मंडळाच्या नावावर दोन सभा खर्ची पडतील, त्याला माझा इलाज नाही.

चाऱ्याची चिंता नाही, हे आपले वाक्य मात्र मला खटकले. बैलाला जे पचते ते घोड्याला पचतेच असे नाही. घोडा रवंथ करत नाही, त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकारी होत नाही; त्यामुळे एका वेळी पोटात गेलेला जास्तीचा किंवा बुरसटलेला चारा बाहेर पडायला वाट नसते आणि पोटशूळ उठला की काही तासांत जनावर हाताबाहेर जाऊ शकते. उसाच्या वाढ्यांत ऑक्झॅलेट असते, ते कॅल्शियम बांधून ठेवते. महिनोन्‌महिने केवळ वाढ्यांवर ठेवलेल्या घोड्याची हाडे ठिसूळ होतात, क्वचित जबडाही सुजतो. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज पाच ते सात किलो सुका चारा लागतो, म्हणजे चांगला कडबा किंवा वाळलेले गवत, आणि पाणी पंचवीस ते चाळीस लिटर. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, कामाच्या मानाने आणि थोडी थोडी विभागून द्यावी. चारा बदलायचा असेल तर आठवडा-दहा दिवस घेऊन सावकाश बदलावा. घोड्याची किंमत एकदा मोजावी लागते, हा खर्च रोजचा. वर्गणी मागताना लोकांना दुसरा आकडाही सांगावा.

म्हणून माझा सल्ला असा की, पहिले वर्ष मंडळाने घोडा घेऊच नये. गावात घोडे आहेत, त्यांच्या मालकांना विनंती करून आठवड्यातून एक सकाळ मागून घ्यावी. इंग्लंडमध्ये 1929 साली मुलांसाठी पोनी क्लब निघाला, तेथेही स्वारीच्या जोडीने निगा शिकवली जाते. मुलांनी लीद काढावी, खरारा करावा, पाय उचलून खूर साफ करायला शिकावे. हे शेवटचे काम सर्वांत मोलाचे. मुलाने घोड्याच्या खांद्याजवळ, शेपटीकडे तोंड करून उभे राहावे, हात पायावरून खाली सरकवत न्यावा आणि खूर हातात आल्यावर टाचेकडून पुढे कोरत घाण काढावी. तळव्यातील मऊ त्रिकोणी भागाला दुर्गंधी येत असेल, तर थाण, म्हणजे घोडा बांधायची जागा, ओले राहते, हे त्या मुलाला कोणी न सांगता कळेल. खुरे दर सहा ते आठ आठवड्यांनी छाटावी लागतात. तेव्हा आपल्या भागात कामाचा नालबंद कोण आहे, याची चौकशी अध्यक्ष निवडण्याआधी करावी.

आपल्या मुलांनी अंकलीचे अश्व पाहिले आहेत. त्यांपैकी जो खुद्द माउलींचा मानतात, त्यावर कोणी बसत नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे. मग ‘आम्हाला बसायला केव्हा मिळणार’ ही तक्रार थोडी कमी होईल.

पुढे घोडा घ्यायचाच झाला, तर शांत स्वभावाचा, आठ-दहा वर्षांचा घ्यावा. शर्यतीतून काढलेला घोडा स्वस्त मिळतो, पण मुलांच्या कामाचा क्वचितच असतो. अकलूजहून गाडीत घालण्यापूर्वी पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा आणि ग्लँडर्ससाठी रक्ततपासणीचा आग्रह धरावा. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावे लागते. तपासणीचा निकाल येईपर्यंत नवा घोडा इतर घोड्यांपासून आणि मुलांपासून वेगळा बांधावा. धनुर्वाताचा धोका घोड्याला फार असतो, त्याची लस मात्र आहे. ती टोचून घ्यावी.

राहिली दसऱ्याची मिरवणूक. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, पण ऐन पाठीमागचे आणि नाकासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. डीजेच्या भिंती, फटाके आणि मागून ढकलणारी गर्दी यांच्यामध्ये सापडलेला सरावाचा घोडाही बुजतो, आणि त्याच्या पाठीवर तेव्हा हेल्मेटशिवाय, रिकिबीत पाय न पोचणारे दहा वर्षांचे मूल असते. खंडेनवमीला थाणात घोड्याची पूजा करावी, मुलांनी त्याला आंघोळ घालावी, आयाळ विंचरावी. मिरवणुकीत घोडा नेऊ नये.