वडिलांना एमडीएस, आत्याला ल्युकेमिया: घराण्यात येतं का हे?

दादा, वडील ६७ वर्षांचे, एमडीएस (मॅरोत, म्हणजे हाडांतल्या मगजात, रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) निघालाय, आत्या ल्युकेमियाने, म्हणजे ब्लड कॅन्सरने, गेली आणि आता काका मॅरो द्यायला तयार आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मोठ्या भावाच्या आजारपणात मी यातून गेलोय म्हणून सांगतो.

बहुतेक ब्लड कॅन्सर घराण्यात येत नाहीत. सीएमएल या ल्युकेमियाच्या प्रकाराचंच घ्या, ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होते पण ती त्या माणसाच्या मॅरोतल्या पेशीत, मुलाबाळांकडे जात नाही. तुमच्याकडे मात्र सख्ख्या भावाबहिणीला झालंय, म्हणून शंका घ्यायलाच हवी.

अशा घरांत वारशाने कॅन्सर येत नाही, एका जीनच्या दोन कॉप्यांपैकी एक बिघडलेली येते. उतारवयात त्रास देणारा जीन म्हणजे डीडीएक्स४१, त्याचा या आजारांशी संबंध २०१५ साली कळला. ती कॉपी घेऊन माणूस जन्मभर होडी वल्हवतो, कलमं शिंपतो, काही होत नाही, मग कधीतरी मॅरोतल्या एखाद्या पेशीत उरलेली चांगली कॉपीपण बिघडते, त्या पेशीची पिल्लावळ वाढत जाते आणि साठीच्या पुढे एमडीएस नाहीतर एएमएल, म्हणजे झपाट्याने वाढणारा ल्युकेमिया. कित्येकांना तर शेवटपर्यंत होतच नाही, त्यामुळे आजोबा ठणठणीत होते म्हणून सुटलो असं नाही. रनएक्स१ या दुसऱ्या जीनच्या बिघाडात लहानपणापासूनच प्लेटलेट कमी असू शकतात, हिरड्यांतून रक्त, जरा आपटलं की काळंनिळं, आणि आपल्याकडे लोक 'त्यांच्या घरात सगळ्यांचंच रक्त पातळ' म्हणून सोडून देतात.

आता काका. वडिलांत अशी कॉपी वारशाने आली असेल तर काकांकडेही असायची शक्यता निम्मी. मॅरो जुळला तरी तीच कॉपी घेऊन आला तर नव्या मॅरोतही ल्युकेमिया होऊ शकतो, तसं झालेलं आहे. म्हणून मुंबईला टाटाला नेलंत की हिमॅटॉलॉजिस्टना (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) सरळ विचारा, जर्मलाइन टेस्ट, म्हणजे वारशाने आलेला बिघाड शोधणारी टेस्ट, करायची का. नुसत्या रक्तावर घोळ होतो कारण आजारामुळे नंतर झालेली म्युटेशनं (जीनमधले बिघाड) पण रक्तातच असतात, त्यामुळे त्वचेचा छोटा तुकडा घेऊन पेशी वाढवतात, त्याला काही आठवडे जातात.

तोवर वंशावळ काढा, कोण कशाने गेलं, मुंबईच्या चाकरमान्यांचीपण. घरचे देवाला कौल लावायचा म्हणत असतील तर लावू देत, उलट भावकी जमली की तिथेच सगळ्यांना विचारून घ्या, एवढी माहिती कुठल्या फाइलमध्ये नसते.

मुलांच्या टेस्टची घाई नको, डीडीएक्स४१ निघालं तरी ती मोठी होऊन स्वतः ठरवतील. काकांची मात्र ट्रान्सप्लांटच्या आधीच व्हायला हवी.