‘बहुवारिक’मधला वार कुठला?

प्रश्न असा आला आहे: मोनोमरला (एकमेकांना जुळणाऱ्या लहान रेणूला) एकवारिक आणि पॉलिमरला (अशा पुष्कळ रेणूंपासून बनलेल्या लांब साखळीला) बहुवारिक म्हणतात, त्यातला ‘वार’ म्हणजे काय? आणि हिंदीतले एकलक-बहुलक जास्त सुटसुटीत नाहीत का?

हा वार सोमवार-मंगळवारातला नाही, तलवारीचा तर नाहीच. ‘एकवार’, ‘वारंवार’ यांत खेप या अर्थाने येणारा जो वार, तोच हा. बहुवार म्हणजे पुष्कळ वेळा, त्याला ‘इक’ लावला की झाले. (‘वर्ष’चे ‘वार्षिक’ होते, मग ‘बाहुवारिक’ का नाही, असे एखादा कर्मठ वैयाकरण विचारील. त्याला विचारू द्यावे.) मूळ ग्रीक शब्दात मात्र खेपेचा पत्ता नाही: ‘पॉली’ म्हणजे पुष्कळ, ‘मेरोस’ म्हणजे भाग. ग्रीक भाग मोजतो, मराठी आवर्तने मोजते. मला मराठी शब्द उजवा वाटतो. पुष्कळ भाग कशालाही असतात. तोच तुकडा फिरून फिरून येणे हे पॉलिमरचे खरे लक्षण.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८३३ मध्ये ‘पॉलिमर’ हा शब्द घडवला तेव्हा त्याच्याही मनात साखळी नव्हती. मूलद्रव्यांचे प्रमाण तेच, पण रेणू दुप्पट-तिप्पट मोठा, इतकाच अर्थ. त्या हिशेबाने ब्यूटिलीन (चार कार्बन, आठ हायड्रोजन) हे एथिलीनचे (दोन कार्बन, चार हायड्रोजन) पॉलिमर ठरते! लांबलचक साखळीची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगरने १९२० च्या लेखात मांडली आणि पुढे बराच विरोध सोसून रुजवली.

आता शब्द कुठे अडतो ते पाहू. एथिलीनच्या रेणूत दोन कार्बन, मध्ये दुहेरी बंध. त्यातला एक बंध सुटला की दोन्ही कार्बनांचा एकेक हात मोकळा होतो आणि शेजाऱ्याचा हात धरतो. अशी हजारोंची रांग म्हणजे पॉलिएथिलीन. वाटेत काही गळत नाही, ‘बहुवार’ अगदी चपखल बसते. नायलॉन ६६ चे तसे नाही. तिथे अ‍ॅडिपिक आम्ल आणि हेक्झामेथिलीन डायअमीन आळीपाळीने जुळतात, दर जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. दोन्हींत सहा-सहा कार्बन, म्हणून नावात ६६. इथे एकवारिके दोन, आणि पुन्हा पुन्हा येते ती त्यांची जोडी, तीही पाणी गमावलेली. म्हणून ‘बहुवारिकात हजारो एकवारिके असतात’ हे बोलताना चालते, लिहिताना मी ‘एकवारिकांपासून बनते’ असे लिहितो. साखळीत शिरलेला एथिलीनचा रेणू एथिलीन उरलेलाच नसतो.

बहुलकाबद्दल: मराठी शाळेत बहुलक म्हणजे संख्याशास्त्रातला, सर्वांत जास्त वेळा येणारा प्राप्तांक. मध्य, मध्यक, बहुलक ही तिकडी पाठ असलेल्या मुलाला रसायनशास्त्रातही बहुलक भेटला तर तो गोंधळणारच. शिवाय ‘वार’ धरला की दोन जुळले तर द्विवारिक, तीन जुळले तर त्रिवारिक, असे शब्द सहज पडतात.

एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. संस्कृतात ‘बहुवार’ हे भोकराच्या झाडाचेही नाव आहे. भोकराचा चिकट गर बोटांना धरून ताणला की तार निघते ती पॉलिसॅकराइडांमुळे (शर्करांच्या लांब साखळ्यांमुळे), म्हणजे बहुवारिकांमुळेच! व्युत्पत्तीशी याचा संबंध जोडू नये.

लिहिताना ‘रि’ ऱ्हस्व, लिंग नपुंसक: ते बहुवारिक, ती बहुवारिके. पॉलिमरला मात्र कुणी ‘तो’ म्हणते, कुणी ‘ते’. दोन्ही कानाला खटकत नाहीत.