सासऱ्यांना काळी संडास होतेय, चक्कर येतेय, पण दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. कसं समजवू?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांचं वय 66, दोन दिवस डांबरासारखी काळी, चिकट संडास होतेय, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या महिनाभर चालू आहेत आणि आज सकाळी उठताना त्यांना भिंत धरावी लागली. वर ते म्हणतात, "उष्णता आहे, सब्जा भिजत घाला." तुम्ही कोल्हापूरजवळच राहता म्हणून जरा मोकळेपणानं लिहितो. पण हे सगळं वाचून मग निघू नका. आधी 108 लावा नाहीतर शेजारची चारचाकी दारात आणा, बाकीचं गाडीत वाचा.

काळी, चिकट, घाण वासाची संडास म्हणजे बहुतेक वेळा जठरात किंवा त्याच्या लगतच्या आतड्यात रक्त वाहतंय आणि खाली येईपर्यंत पचून काळं झालंय. तशी संडास व्हायला 50 ते 100 मिली रक्तही पुरतं. पण उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर गेलेलं रक्त त्याहून बरंच जास्त असणार. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळपट होते, पण ती चिकटत नाही आणि तिला तो वास नसतो. तो वास एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही.

मी डॉक्टर नाही. आमच्या घरात हे झालंय, माझ्या थोरल्या चुलत्यांना, म्हणून सांगतोय. तात्या म्हणजे जुने पैलवान, करवीर तालुक्यातलं गाव, गोठ्यात म्हशी, दोन्ही वेळचं दूध डेअरीला. अंगावर दुखणं काढणं हा त्यांच्या पिढीला पराक्रमच वाटतो. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. संडासात पाणी ओतून मोकळे व्हायचे. ओळखलं ते वहिनीनं, वासावरून. आणि तिनं विचारल्यावर घरात जे सुरू झालं ते तुमच्याही घरात सुरू असणार: तांबड्या रश्श्यावर खटला. आदल्या आठवड्यात जत्रा झाली होती, तात्यांनी वाट्यावर वाट्या रिचवल्या होत्या, त्यामुळे आरोपी हातातच होता. "सांगत हुतो, एवढं तिखट खाऊ नका!" जो तो हेच. तात्या गप्प झाले ते झालेच. "काय हुत न्हाई मला. ताक प्यालो की बसतंय."

हा खटला तुमच्या घरात चालू असेल तर आत्ताच बंद करा. एक तर तो खोटा आहे. तिखटानं जळजळ वाढते, पण असं रक्त वाहवणारा अल्सर, म्हणजे जठरातली किंवा आतड्यातली जखम, बहुतेक वेळा दोन गोष्टींनी होतो: एक हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आणि दुसरी दुखण्यावरच्या गोळ्या. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी 1982 साली हा जंतू पकडला. लोक ऐकेनात म्हणून मार्शलनं तो चक्क पिऊन स्वतःला जठराचा दाह करून घेतला. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. रस्सा निर्दोष सुटून इतकी वर्षं झाली, पण आपल्या स्वयंपाकघरात ती बातमी अजून पोचलेली नाही. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या गुडघा शांत करताना जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात, आणि साठीच्या पुढं, रिकाम्या पोटी, महिनोनमहिने घेतल्या की धोका वाढतच जातो. कित्येकांना पोटात दुखतही नाही. पहिली खूण थेट काळी संडास. म्हणून "पोटात दुखत नाही ना, मग झालं" या सासऱ्यांच्या युक्तिवादात दम नाही.

आणि दुसरं म्हणजे, माणसाला गुन्हेगार ठरवलं की तो लपवतो. आज किती वेळा झाली, उलटी झाली का, रंग कसा होता, हे तुम्हाला त्यांच्याकडूनच कळायचंय.

आता समजावण्याचं. दवाखान्याला "नाही" म्हणणारा माणूस सहसा सगळ्याला नाही म्हणत नसतो. आत एखादी ठरावीक गोष्ट अडलेली असते आणि ती तो बोलत नाही. ती शोधा. आम्हाला वाटलं पैसा असेल, म्हणून आम्ही पैशाचं बोलत बसलो. तात्यांचं अडलं होतं म्हशीपाशी. एक म्हैस त्यांच्याशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही, आणि संध्याकाळची धार चुकली तर सड सुजेल ही त्यांना खरी काळजी. "जीव मोठा का म्हस मोठी?" असं आम्ही ओरडत होतो, त्याला ते उत्तरही देत नव्हते. काकूनं शेवटी त्यांची बंडी अंगात घातली, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि म्हणाली, "मी काढते धार, तुम्ही चला." म्हशीनं तो पेहराव मानला की नाही यावर घरात अजून दोन मतं आहेत, पण तात्या उठले.

सासऱ्यांना समोर बसून शांतपणे एकच विचारा: "तिथं गेल्यावर नक्की कशाची भीती वाटते?" कॅमेऱ्याची नळी असेल, भावकीतला कुणी दवाखान्यातून परत आला नसेल, चार लोकांत संडासाबद्दल बोलायची लाज असेल, खर्च असेल. नळीचं असेल तर सांगा की घशात बधिर करणारा फवारा मारतात, बऱ्याचदा गुंगीचं औषधही देतात, आणि काम साधारण पाव तासाचं असतं. त्याच नळीतून इंजेक्शन देऊन, क्लिप लावून रक्त थांबवता येतं, पोट फाडायची वेळ आता क्वचित येते. हे आमच्या तात्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या डोक्यात टाके होते. खर्चाचं असेल तर रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या आणि दवाखान्यात आरोग्यमित्र कुठं बसतो ते विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते तो सांगेल. सरकारी म्हणाल तर कोल्हापुरातलं सीपीआर रुग्णालय आहेच, सासरे कदाचित त्याला थोरला दवाखाना म्हणत असतील.

बोलणारं माणूसही नीट निवडा. सुनेनं सांगितलं की सासऱ्याला "हिला काय कळतंय" म्हणायला सोपं जातं. तुमच्या वडिलांना फोन लावा. व्याह्यासमोर सासरा अडून बसत नाही, मान राखावा लागतो. व्याही दारात गाडी घेऊन उभे राहिले आणि "चला पाव्हणं, मीबी येतो" म्हणाले, तर निम्मं काम होतं. ते लांब असतील तर तालमीतला जोडीदार, नणंदेचे मालक, कुणीही ज्याच्यापुढं त्यांना आवाज चढवता येत नाही.

पण या मनधरणीला हद्द आहे, ती मनगटाच्या नाडीवर मोजा. मिनिटाला 100 च्या वर गेली, घरात बीपीचं मशीन असेल आणि वरचा आकडा 100 च्या खाली दिसला, हातपाय गार पडले, घाम फुटला, चहाच्या चोथ्यासारखी किंवा लाल उलटी झाली, किंवा ते असंबद्ध बोलायला लागले, तर विचारणं संपलं. 108 बोलवा आणि उचला. असंबद्ध बोलणं, उगाच चिडणं हे मेंदूला रक्त कमी पडल्याचंही लक्षण असतं. त्या वेळचा त्यांचा नकार हा शहाण्या माणसाचा नकार धरू नका. ते बीपीसाठी अ‍ॅटेनोलोल किंवा मेटोप्रोलोल घेत असतील तर रक्त जात असूनही नाडी वाढेलच असं नाही, तिच्यावर विसंबू नका.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, कारण तिथं तुमचा डाव हमखास उलटणार आहे. तात्या आधी फक्त गावातल्या डॉक्टरकडं यायला तयार झाले, "सुई मारून येतो" म्हणून. तिथं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 11.8. तात्यांची छाती फुगली. "बघा! उगंच घाबरवत हुतासा." डॉक्टर भला माणूस. त्यानं तात्यांचं बीपी आडवं करून घेतलं, उभं करून घेतलं, आणि मग त्यांच्याच भाषेत विचारलं, "तात्या, कॅनमधलं निम्मं दूध सांडलं तर उरलेल्याचं फॅट किती लागतं?" तात्या म्हणाले, "तेवढंच की." "आणि त्यात पाणी ओतलं तर?" मग तात्या गप्प. रक्त जातं तेव्हा सगळंच जातं, त्यामुळं पहिले काही तास आकडा बरा दिसतो. शरीर आपलं पाणी रक्तात ओढून घेतं किंवा सलाईन लागतं, मग तो घसरतो. दुसऱ्या दिवशी तात्यांचा आकडा 6.8 होता आणि रक्त चढवावं लागलं. तेव्हा कुणी "हिमोग्लोबिन चांगलं आहे, घरी जावा" म्हणालं तर बीपी, नाडी आणि काळी संडास हे तिन्ही पुढं ठेवून विचारा. दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एन्डोस्कोपी, पहिल्या 24 तासांत व्हावी असं धरतात.

जाताना मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. आपल्याकडं आजारी माणूस ट्रिपल सीटच न्यायची रीत आहे, आणि हा माणूस रस्त्यात शुद्ध हरपणारा आहे. आडवं न्या, उलटी होत असेल तर कुशीवर. ओळखीचा डॉक्टर मिरजेला आहे म्हणून 50 किलोमीटर पळवू नका. आधी जवळ जिथं रक्तपेढी आणि दुर्बिणीची सोय आहे तिथं. निघण्याआधी फोन करून विचारा, दोन मिनिटं लागतात. गंगावेशीतलं धारोष्ण दूध असो नाहीतर घरचं ताक, आता काही पाजू नका. दुधानं घटकाभर बरं वाटतं, मग आम्ल उलट वाढतं, आणि भरल्या पोटी दुर्बीण नीट घालता येत नाही. गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घाला. त्यात अ‍ॅस्पिरीन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी असेल तर ती आधी सांगा; हृदयात स्टेंट असेल तर तेही सांगा, कारण तिथं अ‍ॅस्पिरीन चालू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टरच ठरवणार. दारू असेल तर तेही सांगा, सासरे कितीही डोळे वटारू देत. यकृत खराब असेल तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्त येतं, त्याचा उपचार निराळा असतो आणि ते फार वेगानं जातं.

तात्यांना लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर निघाला. क्लिप लावली, आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोलची इंजेक्शनं सुरू झाली. शुद्धीत आल्यावर त्यांनी डॉक्टरला पहिला प्रश्न विचारला तो रश्श्याचा, आणि डॉक्टर "रश्श्याचा काही संबंध नाही" म्हणाले तेव्हा आमच्याकडं जे बघितलं! त्यानंतर घरात रश्श्याविरुद्ध बोलायची कुणाची टाप नाही.

घरी आल्यावर दोन कामं राहतात आणि ती बहुतेक घरांत राहूनच जातात. गुडघ्याची ती गोळी पुन्हा आणायची नाही. मेडिकलवाल्यालाही सांगून ठेवा, कारण तुम्ही नाही आणली तर सासरे पोराला पाठवून आणतील. दुखलंच तर काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, बहुधा पॅरासिटॅमॉल सांगतील. आणि तो जंतू आहे का हे तपासून घ्या. असेल तर दोन आठवड्यांचा गोळ्यांचा कोर्स असतो, तोंड कडू पडतं म्हणून माणसं अर्ध्यात सोडतात. सोडू देऊ नका. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा संडासाची तपासणी करून जंतू गेला का ते बघतात. त्या तपासणीआधी दोन आठवडे पँटोप्राझोल थांबवावं लागतं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. ते थांबवायचं का आणि कधी, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच.