विषुववृत्ताजवळ वारा का पडतो? शिडाची जहाजं तिथे का अडकत?

आपल्या शाळेच्या भूगोलात याला 'विषुववृत्तीय शांत पट्टा' म्हणतात. साधारण ५° उत्तर ते ५° दक्षिण. तिथे ऊन जवळजवळ डोक्यावर असतं, त्यामुळे हवा तापून सरळ वर चढते. दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे इथे येऊन भेटतात आणि तेही वरच उचलले जातात. आडवा वाहणारा वारा उरतोच किती? शिडं लोंबकळतात, जहाज जागच्या जागी डुलत राहतं. मधूनच काळा ढग येतो, सोसाट्याचा वारा आणि पाऊस देतो, की पुन्हा सामसूम.

हा पट्टा एका जागी नसतो, सूर्यामागे उत्तर-दक्षिण सरकतो. म्हणून आपल्या अरबी समुद्रातही पावसाळा सरता सरता वारे मंद आणि बेभरवशाचे होतात. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कारवारजवळच्या आपल्या अंजदीव बेटाचं. वास्को द गामा ५ ऑक्टोबर १४९८ ला तिथून परत निघाला. येताना अरबी समुद्र त्याने सुमारे २३ दिवसांत ओलांडला होता, जाताना जवळजवळ तीन महिने लागले! नैर्ऋत्य वारे संपलेले, ईशान्येचे अजून स्थिरावलेले नाहीत. वारा पडलेला, नाहीतर उलटा. ताजं अन्न संपलं, स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) हिरड्या सुजल्या आणि तीसएक माणसं गेली. अरब आणि गुजराती नाखवे मोसम पाहूनच नांगर उचलत, ते उगाच नाही.

आणि हे फक्त जुन्या काळचं नाही. गोव्यात बांधलेली नौदलाची शिडाची नौका 'तारिणी' २०१७ मध्ये गोव्यातूनच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, तेव्हा तिलाही हा पट्टा शिडांवरच पार करावा लागला.