चाळीस लाख घेऊन सही करू का?

प्रश्न : लग्नाला नऊ वर्षं आठ महिने झाले. बँकेतली नोकरी सोडून एच-4 व्हिसावर (नोकरदाराच्या जोडीदाराला मिळतो तो) नवऱ्याबरोबर न्यू जर्सीला गेले. आठ वर्षं राहिले, कमाई शून्य. दीड वर्षापासून मुलीसह सांगलीला माहेरी आहे. आता न्यू जर्सीच्या कोर्टाची घटस्फोटाची नोटीस आलीय. नवरा म्हणतो, एकरकमी 40 लाख घे, संमतीपत्रावर सही कर. दादा म्हणतो, तिथला घटस्फोट इथे चालत नाही, नोटिशीकडे बघूच नकोस.

उत्तर : ताई, सही करू नका. आणि नोटीस कपाटातही टाकू नका.

दादांचं अर्धं बरोबर आहे. 1991 च्या नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या घटस्फोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे एकतर्फी परदेशी निकाल इथे मानले नाहीत. पण कागदावर बायको राहून हाती काय लागणार? पैसा तिकडे आहे. इथल्या कोर्टाने पोटगी लावली, तरी न्यू जर्सीतल्या पगारातून ती वसूल करताना नाकी नऊ येतील. तिथे वकील उभा केलात तर तो घटस्फोट इथेही बंधनकारक ठरू शकतो. माझ्या मते ही किंमत मोजावी.

40 लाख मुदत ठेवीत 7 टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला 23 हजार येतात, तेही कर आणि महागाई धरायच्या आधी. त्याच 40 लाखांत मुलीचा खर्चही गुंडाळलाय! तिथल्या कायद्याने तो हक्क मुलीचा आहे, तुम्ही सोडून देऊ शकत नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत नवऱ्याच्या 401(के) खात्यात, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचतीत, 1,80,000 डॉलर दिसतात. न्यू जर्सीत वाटणी न्याय्य होते, निम्मीच होईल असं नाही. पण लग्नानंतर साठलेल्या रकमेत तुमचा वाटा निघतो. समजा निम्मा मिळाला आणि डॉलर 85 रुपये धरला, तर करापूर्वी साडेशहात्तर लाख होतात. तुम्ही घर आणि मूल सांभाळलंत म्हणून तो पगार सलग चालू राहिला. त्या वर्षांचा हिशेब तुमच्या नावावर कुठेच नाही, तो मागावा लागेल.

आणखी एक, नवऱ्याची घाई बघून सुचलं. लग्न 10 वर्षं टिकलं असेल तर घटस्फोटित जोडीदाराला, पुन्हा लग्न केलेलं नसल्यास, 62 व्या वर्षापासून माजी जोडीदाराच्या कमाईच्या नोंदीवर अमेरिकन सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथलं सरकारी पेन्शन, मिळू शकते. भारतात राहून घ्यायच्या अटी वेगळ्या आहेत, त्या वकिलाकडून तपासून घ्या. तुमचे चारच महिने राहिलेत. आज सही केलीत तर निकाल त्याआधी लागू शकतो.

कराचं थोडक्यात : एकरकमी पोटगी मुंबई उच्च न्यायालयाने करपात्र उत्पन्न मानली नाही, मासिक पोटगी मानली जाते.

वकिलाच्या फीसाठी सोनं तारण ठेवा, मोडू नका. तुमची फी नवऱ्याने भरावी, असा अर्जही तिथे करता येतो. उत्तर द्यायला नोटीस हातात पडल्यापासून 35 दिवस असतात. ती कधी हातात पडली, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ती तारीख कळवा.